वरची नावं

दर वर्षी जानेवारी सरता सरता अण्णा ऑफिसातून येताना कागदांचा एक गठ्ठा घेऊन यायचे. सायक्लोस्टाइल केलेला, शाई इकडेतिकडे पसरलेली, वर ठळक अक्षरांत ‘सेवाज्येष्ठता यादी’. जेवणं उरकली की अण्णा चष्मा लावून बसत, तांबडी पेन्सिल काढत, आणि त्या वर्षात जे निवृत्त होणार होते त्यांच्या नावांवर एकेक सरळ रेघ ओढत. मग उरलेली नावं बोट ठेवून मोजत. आई स्वयंपाकघरातूनच विचारायची, “कितवे?” एका वर्षी उत्तर आलं, “चौदावा.” आईने भांडी घासता घासता मनात काहीतरी हिशेब केला आणि गप्प राहिली.

त्याच वर्षी पावसाळ्यात शेजारच्या क्वार्टरमधले काका गेले. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत माणूस संपला. यादीत त्यांचा नंबर अकरावा होता. स्मशानातून परतताना अण्णांचे एक सहकारी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचा नंबर आता तेरावर आला.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. खात्यात सगळे असंच मोजत. अण्णा घरी आले, आंघोळ केली, आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मोठ्यांच्या जगात एकाच्या मरण्याने दुसऱ्याचा नंबर वर सरकतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याची फार भीती वाटली.

ही आठवण कित्येक वर्षांनी वर आली ती शिडाच्या जहाजांबद्दल वाचताना. ब्रिटिश आरमारात जेवणानंतर पेले उंचावून कशासाठी प्यायचं, हे वारागणिक ठरलेलं असे. गुरुवारचा मान होता रक्तरंजित युद्धाला आणि रोगराईच्या मोसमाला. म्हणजे टेबलाभोवती बसलेले तरुण अधिकारी आपल्याच वरिष्ठांच्या मरणाची इच्छा उघड बोलून दाखवत होते, आणि ते वरिष्ठही त्याच टेबलावर पेला हातात धरून बसलेले असत. कारण त्यांनीही आपल्या वयात तेच मागितलेलं. मी ते वाचलं आणि मला अण्णांचं स्मशानातून परतलेलं तोंड आठवलं. तेव्हापासून या लोकांच्या बढतीच्या गोष्टी मी जमेल तशा वाचत आले आहे. लढायांपेक्षा मला त्यांच्या याद्यांमध्ये जास्त रस आहे.

सगळ्यांत जास्त जीव जडला तो फ्रान्सिस ऑस्टेनवर. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या एका पाद्र्याचा हा मुलगा, जन्म १७७४ चा. त्याची बहीण जेन पुढे थोर कादंबरीकार झाली, म्हणून त्या घरातली पत्रं जपली गेली आणि म्हणून आपल्याला या मुलाची वाटचाल पायरी-पायरीने दिसते. धाकटा भाऊ चार्ल्स हाही आरमारातच गेला. एका घरातले दोन भाऊ, एकच नोकरी, एकच यादी.

फ्रान्सिस बारा वर्षांचा असताना पोर्ट्समथच्या आरमारी अकादमीत दाखल झाला. हा रस्ता त्या काळी कमीच मुलं धरत. बहुतेकांना कुणीतरी ओळखीचा कॅप्टन आपल्या जहाजावर ‘नोकर’ म्हणून घेऊन जाई. हा नोकर भांडी घासायला नसायचा. अधिकारी होण्याच्या वाटेवरची ती पहिली पायरी होती, आणि कुणाला घ्यायचं ते सर्वस्वी कॅप्टनच्या हातात. पुढे ब्रिटिश आरमाराचा सर्वांत गाजलेला सेनानी झालेल्या नेल्सनला १७७१ साली, बारा वर्षांचा असताना, असंच त्याच्या मामाने आपल्या जहाजावर घेतलं. मामा नसता तर नेल्सन नसता, हे मला अगदी सरळ वाटतं.

अकादमी संपवून फ्रान्सिस १७८८ च्या डिसेंबरात ‘पर्सिव्हरन्स’ नावाच्या फ्रिगेटवरून, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धजहाजावरून, हिंदुस्थानच्या समुद्राकडे निघाला. वय चौदा. निघताना वडिलांनी त्याला एक लांबलचक पत्र लिहून दिलं. देवाची प्रार्थना चुकवू नकोस, घरी पत्र लिहीत जा, मिळालेल्या आणि खर्चलेल्या पैशाचा नीट हिशेब ठेव. आणि वरच्यांशी, बरोबरीच्यांशी, हाताखालच्यांशी कसं वागावं, तुसडेपणाने माणसं कशी तुटतात आणि प्रेमळपणाने कशी जोडली जातात, हेही. त्या पत्राकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

पुढे मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी. मोठ्या जहाजावर या पोरांची राहायची जागा पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर, जिथे दिवसाही मेणबत्ती लागे. सकाळी दोरखंड आणि शिडं, दुपारी बारा वाजता डेकवर उभं राहून सूर्याची उंची मोजायची, मग जहाज नेमकं कुठे आहे याचं गणित मांडायचं, आणि हे सगळं रोजनाम्यात लिहून ठेवायचं. अशी सहा वर्षं समुद्रावर काढल्याचे दाखले आणि ते रोजनामे घेऊन तीन कॅप्टनांपुढे उभं राहायचं, ही लेफ्टनंटची परीक्षा. परीक्षा तोंडी. वारा एकदम फिरलाय, पाठीशी खडकाळ किनारा आहे, आता कुठलं शीड उतरवाल, कुठलं वळवाल, बोला. तिथे घोकंपट्टी चालत नसे, कारण समोर बसलेले तिघेही त्या किनाऱ्यावरून परत आलेले असत.

याच काळात ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात अधिकाऱ्याचं पद सरळ पैसे मोजून विकत मिळे. ती पद्धत १८७१ पर्यंत चालू राहिली. आरमारात ते कधीच नव्हतं. जमीनदाराच्या मुलालाही सहा वर्षं खारं पाणी खाऊन त्या तिघांपुढे उभं राहावं लागे. एका गरीब पाद्र्याला आपले दोन मुलगे तिथे धाडावेसे वाटले, त्याचं कारण यातच असणार. वयाची अट वीस वर्षांची होती, पण ती मात्र लोक बिनदिक्कत वाकवत. नेल्सन अठराव्या वर्षी परीक्षेला बसला आणि त्याच्या दाखल्यावर वीसच्या वर वय लागलं. फ्रान्सिसही अठराव्या वर्षीच लेफ्टनंट झाला, १७९२ च्या डिसेंबरात, इकडे पूर्वेच्या समुद्रावर असतानाच.

पण परीक्षा पास होणं आणि पद मिळणं या दोन निराळ्या गोष्टी. ज्यांच्या घरी विभागीय परीक्षा पास झालेलं आणि तरी वर्षानुवर्षं त्याच टेबलाशी बसलेलं माणूस आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. जागा रिकामी हवी आणि त्या जागेसाठी तुमचं नाव कुणीतरी घ्यायला हवं. वशिल्याला ते लोक ‘इंटरेस्ट’ म्हणत आणि त्यात काही लपवण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नसे. परीक्षा पास होऊनही चाळिशीपर्यंत मिडशिपमनच राहिलेली माणसं त्या जहाजांवर असत. तळमजल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या पंगतीला बसून जेवणारी. त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही. मला मात्र आरमाराचं चित्र डोळ्यांपुढे आणताना आधी तेच दिसतात.

फ्रान्सिस सहा वर्षं लेफ्टनंट राहिला. मग वडिलांनी आरमाराच्या मंडळावर असलेल्या ॲडमिरल गॅम्बिअरला पत्र लिहिलं. गॅम्बिअरशी थोरल्या मुलाच्या सासरकडून ओळख निघत होती. १७९८ च्या नाताळाच्या सुमारास उत्तर आलं आणि २८ डिसेंबरला जेनने बहिणीला कळवलं, फ्रँक झाला. फ्रँक म्हणजे घरच्यांचा फ्रान्सिस. काय झाला, हे सांगायची गरज नव्हती. आरमारी घरात ‘झाला’ म्हणजे बढती झाली. आपल्याकडेही ‘त्यांचं झालं’ म्हटलं की कळतं ना, तसंच. फ्रँक कमांडर, म्हणजे लेफ्टनंट आणि कॅप्टन यांच्या मधल्या पायरीवरचा अधिकारी, झाला होता आणि त्याला ‘पीटरेल’ ही स्लूप, म्हणजे छोटं युद्धजहाज, मिळाली होती. त्याच सुमारास चार्ल्ससाठीही शब्द टाकलेला होता. १८०१ साली चार्ल्सला पकडलेल्या शत्रूजहाजाच्या वाट्यापोटी ३० पौंड मिळाले, तेव्हा त्याने सगळ्यात आधी काय केलं, तर दोघी बहिणींसाठी सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रूस घेतले. पहिल्या पगाराची साडी आणणाऱ्या आपल्या मुलांहून यात वेगळं काय आहे!

१७९५ पासून त्यांच्या खांद्यांवर सोनेरी झुपकेदार पट्टा, एपोलेट, आला. कमांडरला एकच, डाव्या खांद्यावर. नव्या कॅप्टनला एकच, पण उजव्या खांद्यावर. कॅप्टन होऊन तीन वर्षं झाली की दोन्ही खांद्यांवर. लेफ्टनंटचे खांदे १८१२ पर्यंत रिकामेच होते. बंदरातल्या गर्दीत समोरून येणारा माणूस आयुष्यात कुठवर पोचला आहे, ते त्याचं तोंड दिसायच्या आधी खांद्यावरून कळे.

डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर पट्टा जाणं, हीच त्या नोकरीतली सगळ्यात मोठी उडी. त्याला म्हणत ‘पोस्ट’ होणं. वीस किंवा जास्त तोफांच्या जहाजाचा कॅप्टन म्हणून नेमणूक झाली की माणूस पोस्ट कॅप्टन होई आणि त्याच तारखेला त्याचं नाव कॅप्टनांच्या यादीत सगळ्यांत खाली चढे. या क्षणापर्यंत पराक्रम, वशिला, हुशारी, नशीब, सगळ्याला किंमत होती. त्यानंतर बढतीच्या बाबतीत कशालाच नव्हती. त्यानंतर फक्त यादी. वरचा मेला की तुम्ही एक पायरी वर. वरून कुणी पुढे ढकलू शकत नाही, खालून कुणी ओलांडून जाऊ शकत नाही. शूर असा, भित्रे असा, समुद्रावर असा की घरी बागेत गुलाब लावत बसलेले असा, तुमची तारीख तुमची.

या यादीपुढे खुद्द आरमारसुद्धा हतबल होतं. एखादा कर्तबगार कॅप्टन ॲडमिरल म्हणून हवा असेल, तर त्याच्या वरच्या साऱ्यांना आधी ॲडमिरल करणं भाग होतं. मग १७४७ साली एक तोड निघाली. ॲडमिरलांची लाल, पांढरं आणि निळं अशी तीन दलं असत. वर साचलेल्या ज्या कॅप्टनांचा उपयोग नव्हता त्यांना यांपैकी कुठलंच दल न देता रिअर ॲडमिरल, म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीचा ॲडमिरल, करायचं आणि घरी बसवायचं. लोक त्यांना पिवळे ॲडमिरल म्हणत. हुद्दा आहे, पगार आहे, पण जहाज नाही, त्यावर फडकवायचा ॲडमिरलचा झेंडा नाही. तीस वर्षं त्या झेंड्याची वाट पाहिलेल्या माणसाला पिवळा झाल्याचं पत्र आल्यावर त्याच्या घरात त्या संध्याकाळी काय झालं असेल? अण्णांच्या खात्यातही हुद्दा देऊन एका कोपऱ्यात बसवलेले एक साहेब होते. त्यांच्या टेबलावर एकही फाइल नसे आणि ते दररोज वेळेवर येत.

म्हणून तर पोस्ट होण्याचं वय सगळं ठरवून टाकी. नेल्सन विसाव्या वर्षी पोस्ट झाला, १७७९ साली. त्याआधी चारच वर्षांपूर्वी हा पोरगा ‘सीहॉर्स’ जहाजावरून आपल्या मुंबईला आलेला होता. १७७५ च्या अखेरीस तो तापाने इतका खंगला, की १७७६ मध्ये ‘डॉल्फिन’ जहाजातून त्याला मायदेशी परत पाठवावं लागलं. जगेल की नाही, अशी अवस्था. मुंबईच्या त्या तापाने त्याला नेलं असतं तर यादीतल्या त्याच्या खालच्या साऱ्यांचा नंबर एकेक पायरीने वर सरकला असता आणि त्याचं नाव आज कुणाच्या कानावरही नसतं.

नेल्सनची गोष्ट सांगताना लोक त्याच्या लढाया सांगतात. मला एक तारीख सांगावीशी वाटते. १४ फेब्रुवारी १७९७ ला सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत त्याने रांग मोडून शत्रूच्या दोन जहाजांवर चढाई केली आणि ती दोन्ही घेतली. २० फेब्रुवारीला तो रिअर ॲडमिरल झाला. कुणालाही वाटेल, हे त्या शौर्याचं बक्षीस. पण लढाईची बातमी त्या दिवशी लंडनला पोचलेलीच नव्हती. त्याचा नंबर लागला होता, इतकंच. सतरा-अठरा वर्षं तो यादीत वर सरकत होता, त्यातली पाच वर्षं जहाजाविना, अर्ध्या पगारावर, वडिलांच्या घरी. त्या दिवसांत त्याने वरिष्ठांना लिहिलं होतं, की मला एखादी होडी दिलीत तरी मी उपकार मानेन.

जेम्स कुकचं नाव याच यादीत शोधायला गेलं की जीव हळहळतो. शेतमजुराचा मुलगा, कोळशाच्या जहाजांवर वाढलेला, १७५५ साली सव्विसाव्या वर्षी साधा खलाशी म्हणून आरमारात शिरला. अर्ध्या पृथ्वीचे नकाशे त्याने काढले. पण लेफ्टनंट झाला तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता आणि पोस्ट कॅप्टन झाला तेव्हा सेहेचाळीसचा. चारच वर्षांनी हवाईच्या किनाऱ्यावर मारला गेला. जगता तरी यादीत त्याच्या वर पंचविशीतली मुलं असतीच.

फ्रान्सिस पोस्ट झाला सव्विसाव्या वर्षी. २१ मार्च १८०० ला मार्सेयजवळ त्याच्या छोट्या ‘पीटरेल’ने तीन फ्रेंच जहाजांना गाठलं. दोन किनाऱ्यावर चढली आणि तिसरं, ‘लिगुरियन’, त्याने ताब्यात घेतलं. त्याचा एकही माणूस जखमी झाला नाही. मे महिन्यात लंडनमध्ये त्याचं नाव यादीवर चढलं, पण त्याला स्वतःला ते कळायला आणखी कित्येक महिने गेले. तो भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला होता. आपण कॅप्टन झालो आहोत हे ठाऊक नसताना कमांडर म्हणून काम करत राहिलेला तो उन्हाळा मला फार आवडतो.

मग आलं १८०५ साल. फ्रान्सिस ‘कॅनोपस’ या ८० तोफांच्या जहाजाचा कॅप्टन, जहाजावर रिअर ॲडमिरल लुइसचा झेंडा, आणि सगळे नेल्सनच्या ताफ्यात. त्या वर्षी फ्रेंचांच्या मागे ते वेस्ट इंडीजपर्यंत गेले आणि परत आले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नेल्सनने काही जहाजं पाणी आणि शिधा भरायला जिब्राल्टरकडे पाठवली, त्यांत ‘कॅनोपस’ होतं. लुइस निघताना नेल्सनला म्हणाला, तुम्ही आम्हाला धाडताय खरं, पण शत्रू बाहेर पडेल आणि आमच्या वाट्याला लढाई येणार नाही. तसंच झालं. २१ ऑक्टोबरला ट्रफाल्गारची लढाई झाली, ब्रिटिशांची २७ मोठी जहाजं लढली, नेल्सन पडला, आणि फ्रान्सिस तिथे नव्हता. त्याने आपल्या वाग्दत्त वधूला, मेरीला, लिहिलेल्या पत्रांत हे दुःख उघड आहे. इतके महिने दगदग सोसली आणि शेवटच्या दिवशी मी तिथे नसावा, असं तो पुन्हापुन्हा लिहितो, आणि मग तक्रारीचाच सूर लागतो म्हणून तो विषय सोडून देतो.

पाणी भरायला गेला म्हणून! कितीदा तरी मी या एका गोष्टीपाशी थांबले आहे. ताफ्याला पाणी लागतंच. कुणीतरी जावंच लागतं. ज्यांनी पिंपं भरली त्यांच्या जिवावर बाकीचे बंदरावर नजर ठेवून थांबू शकले. पण सुवर्णपदकं त्या दिवशी तिथे असलेल्या कॅप्टनांना. चारेक महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १८०६ ला, सँटो डोमिंगोच्या लढाईत ‘कॅनोपस’ लढलं आणि फ्रान्सिसला पदक मिळालं. त्या उन्हाळ्यात त्याने मेरीशी लग्न केलं. तरी त्याने ट्रफाल्गार मनातून कधी काढलं असेल, असं मला वाटत नाही.

यादीतला नंबर मात्र ट्रफाल्गारला असता तरी तोच राहिला असता.

१८१५ ला फ्रेंचांशी चाललेलं युद्ध संपलं. १,४०,००० च्या वर माणसं असलेलं आरमार दोन-तीन वर्षांत २०,००० च्या आसपास आलं. खलाशांना सोडून देता आलं. अधिकाऱ्यांना तसं सोडता येत नव्हतं, कारण निवृत्ती अशी गोष्टच धडपणे नव्हती. ते अर्ध्या पगारावर घरी बसले. जहाजं नाहीत, युद्ध नाही, रोगराईचा मोसमही नाही. यादी जवळजवळ गोठली. फ्रान्सिस १८१४ साली जहाजावरून उतरला तो पुढची तीस वर्षं समुद्रावर गेला नाही.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा हट्टाने हार्टलपूलला जाऊन आले. तिथल्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ उभी आहे, अजून पाण्यावर तरंगते. ही आपल्या मुंबईची. मलबारी सागवानाची, जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली, १८१७ च्या ऑक्टोबरात मुंबईत पाण्यात उतरलेली फ्रिगेट. फ्रेंचांशी लढण्यासाठी तिची मागणी नोंदवली होती. तिच्या बांधणीचे नकाशे घेऊन येणारं जहाज १८१२ च्या अखेरीस लढाईत गमावलं गेलं, कामाला उशीर झाला, आणि ती तयार झाली तेव्हा युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. इंग्लंडला नेऊन, डोलकाठ्या उतरवून, तिला बांधून ठेवलं. १८४७ पर्यंत. म्हणजे जहाजसुद्धा अर्ध्या पगारावर! मी तिच्या आतल्या फळीवर हात ठेवला. आमच्या जुन्या घराच्या चौकटीला हात लावला की लागायचा तसाच गुळगुळीत, थंडगार स्पर्श. मुलगा म्हणाला, “आई, चल, थंडी वाढतेय.” मला तिथून हलवेना. ही वाट बघण्यात तीस वर्षं टिकली ती सागवानामुळे. माणसं कशामुळे टिकली असतील?

चार्ल्स टिकला तो बहुधा स्वभावामुळे. तो पोस्ट झाला १८१० साली, एकतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, भावाच्या दहा वर्षं मागून. बर्म्युडाला लग्न केलेली त्याची बायको फॅनी आणि मुली त्याच्याबरोबर ‘नॅमर’ या जहाजावरच राहायच्या. तिथेच बाळंतपणात १८१४ साली फॅनी गेली, वय अवघं चोवीस. दीड वर्षाने त्याचं ‘फीनिक्स’ हे जहाज तुर्कस्तानातल्या स्मर्नाजवळ वादळात फुटलं. चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी पुढची दहा वर्षं त्याला जहाज मिळालं नाही. त्यातली काही वर्षं त्याने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर चोरटा माल पकडण्याच्या कामावर काढली. १८४६ ला त्याचा नंबर लागला, रिअर ॲडमिरल. १८५० ला, वय सत्तर असताना, त्याला आपल्या इकडच्या, पूर्वेच्या समुद्राचा सरसेनापती करून पाठवलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो झेंडा मिळाला, तेव्हा समोर ब्रह्मदेशाचं युद्ध होतं. ऑक्टोबर १८५२ मध्ये इरावती नदीत ‘प्लूटो’ नावाच्या वाफेच्या बोटीवर पटकीने तो गेला. श्रीलंकेत त्रिंकोमालीला त्याला पुरलं.

आता यादी जिंकलेल्या एका माणसाबद्दल. प्रोव्हो वॉलिस. कॅनडातल्या हॅलिफॅक्सला १७९१ साली जन्मला. समुद्रावरची वर्षं आधीपासून मोजली जावीत म्हणून वडिलांनी चौथ्या वर्षी त्याचं नाव एका जहाजाच्या हजेरीपटावर चढवलं. १८१३ च्या जूनमध्ये ब्रिटिशांच्या ‘शॅनन’ जहाजाने अमेरिकनांचं ‘चेसापीक’ घेतलं, तेव्हा ‘शॅनन’चा कॅप्टन जबर जखमी झाला, पहिला लेफ्टनंट मेला, आणि बावीस वर्षांच्या वॉलिसने काही दिवस जहाजाचा ताबा घेऊन ते हॅलिफॅक्सला आणलं. १८७० साली निवृत्तीचे नियम झाले, त्यांत एक सवलत होती, की फ्रेंच युद्धांच्या काळात ज्याने जहाजाचं अधिपत्य केलं असेल त्याला मरेपर्यंत कामावरच्या यादीत ठेवावं. ते काही दिवस वॉलिसच्या कामी आले. १८९२ साली शंभर वर्षांचा होऊन तो गेला, तेव्हा तो सर्वोच्च पदावर, कामावरच्या यादीत होता. नाव चढलं त्याला ९६ वर्षं झाली होती.

फ्रान्सिसही असाच जगला. पोस्ट झाल्यानंतर बरोबर तीस वर्षांनी, १८३० ला, रिअर ॲडमिरल. सत्तरी ओलांडल्यावर उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या ताफ्याचा प्रमुख. १८६३ च्या एप्रिलमध्ये, एकोणनव्वदाव्या वाढदिवसानंतर चारच दिवसांनी, ॲडमिरल ऑफ द फ्लीट. याहून वरचा हुद्दाच आता उरला नव्हता. पोर्ट्समथच्या बंदरात लोखंडी पत्र्याची, वाफेवर चालणारी युद्धनौका येऊन दोन वर्षं झाली होती. ज्यांच्याबरोबर तो ‘पर्सिव्हरन्स’वर चढला, ती मुलं केव्हाच गेली होती. नेल्सन गेल्याला ५८ वर्षं, जेनला ४६, धाकट्या चार्ल्सला अकरा. १८६५ ला तो स्वतः गेला. जेनची त्याने आयुष्यभर सांभाळलेली पत्रं त्याच्या मागे मुलीने नष्ट केली. वडिलांनी १७८८ साली लिहून दिलेलं पत्र मात्र राहिलं. चौदा वर्षांच्या मुलाच्या पेटीतून ते हिंदी महासागर, भूमध्य समुद्र, वेस्ट इंडीज असं फिरून आलं होतं आणि त्याने ते मरेपर्यंत जपलं होतं.

अण्णांना प्रमोशन मिळालं तेव्हा निवृत्तीला पाच महिने उरले होते. बदली दुसऱ्या जिल्ह्यात. आईचा दमा वाढलेला, म्हणून ते एकटेच गेले, खोली घेऊन राहिले, डबा लावला. दर शनिवारी एसटीने यायचे. नव्या टेबलावरची काच, बेल, बाहेर लाकडी पाटीवर लिहिलेलं नाव, हे सगळं त्यांनी आईला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाही. निवृत्त होऊन घरी आल्यावर जानेवारी आला की मात्र जरा अस्वस्थ व्हायचे.

ते गेल्यावर त्यांची ट्रंक मी उघडली. वरती कोटाचं कापड, आईचं एक पत्र, आणि खाली साऱ्या याद्या, वर्षवार, सुतळीने बांधलेल्या. मी ते वर्ष शोधलं. वरच्या दोन नावांवर तांबडी रेघ होती, सातव्यावर होती, नवव्यावर होती. अकराव्या नावावर नव्हती. त्याच्या शेजारी समासात फक्त एक तारीख लिहिली होती, शाईच्या पेनाने, अण्णांच्या सावकाश, गोल अक्षरात.